बैठकीत कुणी तोंडच उघडत नाही

पत्र:

ताई, नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटर आहे. वय २९. मालकांनी दर शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी अर्धा तास 'शिकण्याची बैठक' घ्यायला सांगितलंय. विणकर, जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे), शिलाईच्या बायका, चेकिंग-पॅकिंगची मुलं असे पंचवीसेक जण असतात. सेकंड माल, म्हणजे दोष निघालेले टॉवेल, कमी व्हावा आणि एका खात्याला दुसऱ्या खात्याची अडचण कळावी, हा हेतू. पण मी विचारते, "कुणाला काही सुचवायचंय का?" आणि सगळे खाली बघतात. बोलतात ते दोघंच, आमचे जुने जॉबर अण्णा आणि मालकांचा पुतण्या. मध्यंतरी मी पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. तिथे गोल बसणं, रंगीत चिठ्ठ्या, चेंडू फेकून ज्याच्या हाती येईल त्यानं बोलणं असं शिकवलं होतं. ते इथे करून बघितलं, तर "मॅडम, बालवाडी काढली का?" म्हणून लोक हसले. आमच्या लोकांना बोलायची सवयच नाही, की माझं काही चुकतंय?

ता. क. या बैठकीच्या हजेरीच्या सह्या घ्याव्यात का? ऑफिस मागतंय.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर:

सवय नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. हीच माणसं सुटी झाल्यावर चहाच्या गाड्यापाशी उभी राहतात तेव्हा तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू असं सगळं मिसळून काय बोलतात ते ऐका. कुठला माग कधी दगा देतो, कुठल्या बीमला (उभ्या धाग्यांच्या रुळाला) ताण नीट बसत नाही, चेकिंगचा कोण डोळे मिटून पास करतो, सगळं तिथे निघतं. तुमच्या बैठकीत ते निघत नाही, कारण तिथे प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करतो आणि त्याला तो तोट्याचा दिसतो.

हा हिशेब कसा असतो बघा. शिलाईच्या एखाद्या अक्काला पक्कं माहीत आहे की अमुक मागावरच्या टॉवेलची किनार सैल येते. ती ओढून सरळ धरल्याशिवाय हेम बसत नाही, आणि ओढली की धुतल्यावर टॉवेल वाकडा होतो. मग चेकिंगला तो सेकंडमध्ये जातो आणि खापर फुटतं शिलाईवर. तिनं हे पंचवीस जणांत सांगितलं तर त्या विणकराचे पैसे कापले जाणार, आणि त्याची बायको तिच्या गल्लीतली. वर बैठक चालू असते तो अर्धा तास तिची मशीन बंद. पीस रेटवरच्या, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला अर्धा तास म्हणजे रोख पैसे. आणि गेल्या वर्षी कुणीतरी शिलाईच्या टेबलावर आणखी एक ट्यूबलाइट मागितली होती, ती अजून लागलेली नाही. (हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण असं काहीतरी तुमच्याकडेही झालेलं असणार. प्रत्येक कारखान्यात अशी एक ट्यूबलाइट असते.) एवढं सगळं माहीत असून जी बाई गप्प बसते, तिला बुजरी म्हणायचं की शहाणी?

म्हणून पुण्याच्या पद्धती कपाटात ठेवा आणि पुढच्या शनिवारच्या आधी मालकांना एकट्याने भेटा. तीन गोष्टी मागून घ्या. या अर्ध्या तासाचे पैसे पीस रेटवाल्यांना त्यांच्या रोजच्या सरासरीने मिळतील. बैठकीत जो दोष निघेल त्यावरून कुणाची कपात होणार नाही, आणि हे मालक स्वतः सगळ्यांसमोर एकदा बोलतील. आणि हजार-दोन हजारांपर्यंतचं काम बैठकीत ठरलं तर ते सोमवारी व्हायला लागेल, त्याला वेगळी मंजुरी लागणार नाही. तिसरी मागणी मालकांना सगळ्यात किरकोळ वाटेल, पण बैठक टिकते ती तिच्यावरच. सोमवारी एक दिवा लागला, एक कात्री बदलली, एक ट्रॉलीचं चाक दुरुस्त झालं, की पुढच्या शनिवारी दोन तोंडं जास्त उघडतात.

पुतण्याचाही प्रश्न याच भेटीत सोडवा. तो बैठकीत असताना कुणी बोलणार नाही, तो कितीही चांगला मुलगा असला तरी. त्याला बैठकीबाहेरचं मानाचं काम द्या. शनिवारी जे ठरेल ते शुक्रवारपर्यंत करून घेणं ही त्याची जबाबदारी. पहिला महिना आत बसायचं नाही. मालकांना हे कसं सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि मालकांनी तिन्ही गोष्टींना नाही म्हटलं तर? मग सहभागाच्या पद्धती वापरूच नका. अण्णांना सरळ एक तास द्या, मागाजवळ उभं राहून ते बीम कसा बसवतात ते नव्या मुलांना बघू द्या. तेही शिकणंच आहे, आणि प्रामाणिक आहे. ज्यांच्या मताने काहीच हलणार नाही त्यांना गोलात बसवून मत विचारणं हा निव्वळ छळ आहे. लोक हसले ते त्यालाच.

मालकांनी होकार दिला असं धरून पुढे जाते.

"कुणाला काही सुचवायचंय का?" हा प्रश्न आजपासून बंद. त्याला धरायला कान नाही आणि उत्तर द्यायला जागा नाही. त्याऐवजी त्या आठवड्यातले सेकंडमध्ये गेलेले चार-पाच टॉवेल टेबलावर आणून टाका. प्रत्येकाला हात लावू द्या. एकात लूप एका बाजूला आखूड, दुसऱ्यात तेलाचा डाग, तिसऱ्यात हेम वाकडी. विणकर माणूस टॉवेल हातात घेतला की आधी पालथा करून बघतो, शिलाईची बाई कोपरा बघते, चेकिंगचा मुलगा उजेडाकडे धरतो. त्यांचं शिकणं तिथेच सुरू झालेलं असतं, तुम्ही अजून एक शब्द बोललेल्या नसता. मग एकच प्रश्न विचारा: हा टॉवेल कुठे बिघडला असेल, आणि सगळ्यात आधी कुणाला दिसू शकला असता? 'कुणामुळे बिघडला' असं चुकूनही विचारू नका.

आता पद्धत. तुमच्यासाठी मी एकच निवडते. आंरी लिपमानोविच आणि कीथ मॅकँडलेस या दोघांनी 'लिबरेटिंग स्ट्रक्चर्स' नावाने ३३ पद्धती एकत्र बांधल्या. त्यातली सगळ्यात साधी आहे एक-दोन-चार-सगळे. एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने गप्प राहून विचार करायचा. दोन मिनिटं शेजाऱ्याशी जोडीने बोलायचं. चार मिनिटं दोन जोड्यांनी मिळून. शेवटची पाच मिनिटं सगळ्यांसमोर, प्रत्येक चौकडीने एकच मुद्दा सांगायचा. एकूण बारा मिनिटं. तुमच्या अर्ध्या तासात सामान मांडणं आणि शेवटी काम ठरवणं धरूनही बसतं.

यात खरी किंमत त्या पहिल्या मुक्या मिनिटाची आहे आणि नवखे लोक नेमकं तेच गाळतात. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकी जाहिरातवाल्याने ब्रेनस्टॉर्मिंग लोकप्रिय केलं. सगळे एकत्र बसून सुचेल ते बोला, कल्पनांचा पाऊस पडेल, असं त्याचं म्हणणं. १९५८ साली येल विद्यापीठात संशोधकांनी ते तपासलं. चार जण एकत्र बसवले आणि दुसरीकडे चार जणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगळे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि त्याचं संपेपर्यंत बाकीच्यांच्या डोक्यातलं विरून जातं. तुमच्या बैठकीत तो एक जण म्हणजे अण्णा. ते मागाबद्दल सांगायला लागले की दहा मिनिटं गेली, आणि शिलाईच्या अक्काला जे सुचलं होतं ते तिलाच आता फुसकं वाटायला लागतं.

जोडीचा फायदा तुमच्याकडे आणखी एक आहे, जो या पद्धती काढणाऱ्यांच्या मनातही नसेल. सोलापूरच्या पूर्व भागातला विणकर घरी तेलुगू बोलतो. मराठी त्याला येते, पण बिघाड बारकाईने सांगायचा तर तेलुगूच हवी. म्हणून जोड्या पाडताना भाषा जुळेल अशा पाडा, खातं एक असलं तरी चालेल. चौकडी करताना मात्र खाती मिसळा, म्हणजे विणकरांची एक जोडी आणि शिलाईची एक जोडी. आणि चौकडीतर्फे कोण बोलणार हे आधीच ठरवून टाका: ज्याची नोकरी सगळ्यात कमी झाली आहे तो. तो म्हणेल, "आमच्या चौघांचं असं म्हणणं आहे की..." तेव्हा मुद्दा कुणा एकाचा राहत नाही. किनार सैल येते हे त्या अक्काने सांगितलं की विणकराने स्वतः कबूल केलं, हे बाहेर कुणाला कळत नाही. गल्लीतले संबंध शाबूत राहतात.

रंगीत चिठ्ठ्या सोडा. तुमच्यातल्या काहींना मराठी लिहिता येत नसेल, आणि ज्याला येत नाही तो ते सांगणार नाही, 'चष्मा विसरलो' म्हणेल. त्याऐवजी जमीन वापरा. १९९०च्या सुमारास रॉबर्ट चेंबर्स हे ब्रिटिश अभ्यासक आणि भारतातल्या अनेक संस्थांनी खेड्यांमध्ये सहभागी पाहणीची पद्धत रुजवली. लोक स्वतः जमिनीवर रांगोळी, काड्या, बिया मांडून आपल्या गावाचा नकाशा काढायचे, आणि बाहेरून आलेल्या साहेबाला कागदावर कधी सापडलं नसतं ते त्यात दिसायचं. तेच शेडमध्ये करा. फरशीवर खडूने माग, शिलाईची टेबलं, चेकिंग, पॅकिंग काढायला लावा आणि विचारा, टॉवेल कुठे थांबून राहतो? खडू मात्र तुमच्या हातात ठेवू नका. खडू ज्याच्या हातात, नकाशा त्याचाच होतो.

चार-पाच मुद्दे निघाले की प्रत्येकाला तीन-तीन चिंचोके द्या. ज्याला जो मुद्दा महत्त्वाचा वाटतो तिथे ते ठेवायचे, तिन्ही एकाच जागी ठेवले तरी चालतील. सगळ्यांनी पाठ फिरवून उभं राहावं आणि एकेकाने जाऊन ठेवावं. चिंचोके बघून पुन्हा कुणीतरी 'बालवाडी' म्हणेलच. म्हणू द्या. चेंडू फेकून कुठलं काम ठरत नव्हतं, चिंचोक्यांनी सोमवारचं काम ठरतं. हा फरक दुसऱ्या शनिवारपर्यंत आपोआप कळतो, तुम्ही समजावून सांगायला जाऊ नका.

अण्णांबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसला. राग नको. त्या माणसाला आवाजावरून माग कळतो, आणि आजवर कारखान्यात विचारायची जागा एकच होती, ती म्हणजे ते. आता तुम्ही ती जागा पंचवीस जणांना वाटताय. त्यांना न विचारता हे केलंत तर ते बैठक एका वाक्यात संपवतील, आणि त्यांना तेवढा हक्क आहेही. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्या मागाजवळ जा, ऑफिसमध्ये बोलावू नका. म्हणा, "अण्णा, उद्या लोक जे काढतील त्यातलं सोमवारी खरंच काय होऊ शकतं आणि त्याला काय सामान लागेल, हे शेवटी तुम्हीच सांगायचं. तोवर नुसतं ऐकायचं." जाणत्या माणसाने शेवटी बोलावं. पहिल्यांदा बोलला तर बाकीचे मान हलवतात आणि बैठक तिथेच संपते.

तीन जॉबर असतील तर महिन्यातून एकदा त्यांचं वेगळं घ्या. त्याच ३३ मधली एक पद्धत तिघांसाठी आहे: एकाने आपली अडचण सांगायची, मग पाठ फिरवून बसायचं, आणि उरलेल्या दोघांनी तो तिथे नाहीच असं समजून चार-पाच मिनिटं त्यावर बोलायचं. मग त्याने वळून, कामाचं काय वाटलं तेवढंच सांगायचं. पाठ फिरवलेली असली की चेहरा सांभाळावा लागत नाही, मध्येच 'ते मी केलंय' असं म्हणताही येत नाही. पण हे तिघांतच करा. खालच्या माणसांसमोर अण्णांना पाठ फिरवून बसवलंत तर ते कायमची पाठ फिरवतील.

चौथ्या-पाचव्या शनिवारी लोक जरा मोकळे झाले की एक गमतीचा प्रकार करा. विचारा, "पुढच्या महिन्यात शंभर टक्के माल सेकंड काढायचा असेल तर काय काय करावं लागेल?" सोलापूरकरांना तिरकस बोलायला सांगायला लागत नाही. 'बीम बांधताना मोबाईलवर रील बघायचं', 'तेल माग सोडून टॉवेलला घालायचं', 'शिलाईला बल्बच द्यायचा नाही'. हसू ओसरायच्या आत दुसरा प्रश्न टाका: "यातलं आज आपण खरंच काय करतोय?" शेड एकदम शांत होईल. घाबरू नका, थांबा, कुणीतरी बोलेल. त्यातली एकच गोष्ट बंद करायचं ठरवा. या दिवशी मालक आवारातही नसलेले बरे.

पुण्यात कदाचित 'वर्ल्ड कॅफे' आणि 'ओपन स्पेस' हेही शिकवलं असेल. पहिल्यात टेबलं बदलत फिरायचं, दुसऱ्यात विषय लोकांनीच मांडायचे आणि जिथे मन लागत नाही तिथून उठून जायचं. दोन्ही चांगल्या पद्धती, पण निवांत वेळ, भरपूर माणसं आणि मोठी जागा हाताशी असेल तेव्हाच्या. शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात उठून जायची मुभा दिलीत तर सगळे स्टँडकडे जातील.

मालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात बैठक बंद पडेल. नोंदवलेले दोष सुरुवातीला वाढतील. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या चालणाऱ्या तुकड्यांत चुका कमी दिसतील अशी तिची अपेक्षा होती, निघालं उलटं. तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या, कारण तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती नव्हती. तुमच्याकडेही आजवर जो टॉवेल गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी जात होता तो आता टेबलावर येईल. मालक रजिस्टर बघून म्हणतील, बैठका सुरू केल्यापासून माल बिघडला. त्यांना सांगा की पहिले तीन महिने सेकंडचा आकडा बघायचाच असेल तर ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचा बघा, आतल्या रजिस्टरचा नको.

'हे नवीन फॅड कुठून आणलं' असं ते म्हणाले, तर क्वालिटी सर्कलची आठवण करून द्या. जपानमध्ये १९६२ पासून काओरू इशिकावांच्या पुढाकाराने कामगारांची अशी छोटी मंडळं चालली, आणि आपल्याकडे १९८० मध्ये भेलच्या हैदराबाद कारखान्यात सुरू झाली. हैदराबादचं नाव काढलं तर तुमच्याकडे निम्म्या लोकांचे पाहुणे तिकडचेच निघतील. त्यातली बरीच मंडळं पुढे फोटो आणि बक्षीस समारंभापुरती उरली, हेही खरं. मी एका गारमेंट युनिटमध्ये बघितलंय, भिंतीवर मंडळाचा भलामोठा बोर्ड होता आणि त्यावरची शेवटची सूचना पार पुसट झालेली. कुणी आठवणीनेही तिच्याबद्दल बोलत नव्हतं.

तुमच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोनच गोष्टी. प्रश्न विचारल्यावर शांतता झाली की तुम्ही बहुतेक घाईने दुसरा प्रश्न विचारत असाल, किंवा स्वतःच उत्तर देत असाल. मोबाईलवर मिनिटाचा टायमर लावा आणि त्या मिनिटात तोंड बंद ठेवा. आणि एखाद्याने मुद्दा मांडला की "छान! मस्त!" म्हणू नका. एकाला छान म्हटलं की दुसरा आपलं छान नसेल म्हणून गिळतो. जे बोलले ते त्यांच्याच शब्दात फळ्यावर लिहा, 'लूम मेंटेनन्स इश्यू' असं सुधारून लिहू नका. 'बीम ढिला' म्हणाले तर 'बीम ढिला'च.

वेळेचंही बघा. पगाराच्या शनिवारी बैठक ठेवू नका, लोकांचं मन खिडकीबाहेर असतं. संक्रांतीच्या आठवड्यात तर नकोच, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या घरी पाहुणे, कुणी काठ्यांच्या मिरवणुकीत. त्या वेळी आलेल्या आठ-दहा जणांनी काही ठरवलं तर बाकीचे पंधरा ते मानणार नाहीत.

ता. क. चं उत्तर: सह्या घ्या, कारण निर्यातीच्या ग्राहकाचे ऑडिटवाले प्रशिक्षणाची नोंद मागतात आणि ऑफिसलाही ती दाखवावी लागते. पण सह्यांचा कागद वेगळा ठेवा आणि बैठक संपल्यावर फिरवा. ज्या कागदावर मुद्दे आहेत त्यावर एकही नाव नको, 'शिलाई विभागाकडून' असंसुद्धा नको. नुसतं काम, ते कोण करणार, कधीपर्यंत. तो कागद पुतण्याकडे द्या आणि त्याची एक प्रत हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावा.